कानावरचे केस

अमेरिकेच्या टांकसाळींनी १८७८ ते १९०४ या काळात आणि पुन्हा १९२१ साली पाडलेल्या चांदीच्या डॉलरला, त्याचे चित्र कोरणाऱ्या जॉर्ज टी. मॉर्गन याच्या नावावरून, संग्राहक मॉर्गन डॉलर म्हणतात. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, नव्वद टक्के चांदी आणि दहा टक्के तांबे. एका बाजूला लिबर्टीचे, म्हणजे स्वातंत्र्यदेवतेचे मुख आणि दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड, असे हे नाणे आहे. त्याची प्रत ठरवणे म्हणजे ते किती देखणे आहे हे सांगणे नव्हे. साच्याखालून बाहेर पडल्यापासून त्याच्यावर काय काय गुदरले, ते त्याच्या अंगावरून ओळखणे होय.

या पारखीसाठी वापरले जाणारे १ ते ७० हे अंक विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी योजले होते आणि त्यामागचा हिशेब सरळ किमतीचा होता, म्हणजे ७० अंकांचे नाणे १ अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचे. बाजाराने तो हिशेब पुढे मोडीत काढला, अंक मात्र टिकले. १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या कंपन्या नाणी तपासून प्लास्टिकच्या बंद डबीत घालून देऊ लागल्यावर तर ते सर्वमान्यच झाले. सत्तरांपैकी प्रत्यक्ष वापरात तीसच्या आसपासच येतात, ही गोष्ट या मोजमापाचा अचूकपणा कितपत गंभीरपणे घ्यावा याची कल्पना देण्यास पुरेशी आहे. ६० पासून पुढचे अंक चलनात कधीच न फिरलेल्या, म्हणजे ‘मिंट स्टेट’ नाण्यांचे, आणि ५० ते ५८ हे किंचितच झिजलेल्या नाण्यांचे. ५८ आणि ६० यांच्यामधली रेघ हीच या कामातली सर्वांत वादाची जागा आहे.

झीज प्रथम उंच भागांवर दिसते, म्हणून पारखी लिबर्टीच्या कानावरचे केस, गाल आणि गरुडाच्या छातीवरची पिसे आधी पाहतो. अडचण अशी, की नेमके हेच भाग टांकसाळीतही अपुरे उमटण्याची शक्यता सर्वाधिक असते. कानावरचे केस आणि गरुडाची छाती नाण्याच्या दोन बाजूंना समोरासमोर येतात, त्यामुळे साच्यांचे हे दोन्ही खोलगट भाग एकाच वेळी भरण्याइतका धातू तिथे सरकावा लागतो. दाब कमी पडला किंवा साच्यांमधले अंतर थोडे जास्त राहिले, की केसांच्या बटा सपाट आणि पिसे पुसट येतात. न्यू ऑर्लीन्सच्या टांकसाळीची, ‘ओ’ अक्षराची, नाणी यासाठी प्रसिद्धच आहेत. अशा नाण्याला घाईने झिजलेले म्हणणारा अन्याय करतो, आणि खरोखर झिजलेल्या नाण्याचा सपाटपणा टांकसाळीच्या माथी मारून ते विकणारेही बाजारात कमी नाहीत.

हा निवाडा तपशिलाने होत नाही, तो झळाळीने होतो. ठोक्याच्या दाबाखाली धातू मध्याकडून काठाकडे वाहतो आणि त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. एकाच दिव्याखाली नाणे तिरपे धरून फिरवले, की त्या रेषांवरून प्रकाशाचे पट्टे गोल फिरताना दिसतात, ज्याला संग्राहक कार्टव्हील म्हणतात. नाणे हाताळले गेले की सर्वांत आधी मोडतात त्या या रेषा, आणि म्हणून झिजलेल्या गालावर पट्टा येताच तुटतो व तिथे मंद करडा डाग दिसतो. ठसा कमी उमटलेल्या जागी मात्र धातूचा रंग बदलत नाही. उलट भिंगाखाली तिथे मूळ चकतीवरचे बारीक ओरखडे दिसतात, कारण ते मिटवण्याइतका साचा तिथे टेकलेलाच नसतो. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात यातले फारसे काही दिसत नाही.

थैलीतल्या खुणांचे त्या मानाने सोपे असते. हे डॉलर हजारांच्या कापडी थैल्यांत, म्हणजे पावणेसत्तावीस किलोंच्या भाराने, ठेवले व हलवले जात, त्यामुळे चलनात न गेलेल्या नाण्यावरही टोचे पडलेले असतात. केसांत किंवा पिसांत ते लपतात, पण लिबर्टीच्या मोकळ्या गालावरचा एकच खोल टोचा ६५ चे नाणे ६३ वर आणू शकतो.

खरा घात सफाई करते. लक्ष्मीपूजनासाठी चांदीचे रुपये चिंचेने किंवा राखुंडीने घासून लखलखीत करण्याची मराठी घरांतली पद्धत भक्तीच्या दृष्टीने योग्य असली, तरी संग्राहकाच्या दृष्टीने त्या नाण्याचे नुकसान कायमचे असते, आणि अमेरिकेतल्या डॉलरांवरही पॉलिशच्या फडक्यांनी तेच केले आहे. घासलेले नाणे पांढरे दिसते, पण त्यावर केसासारख्या समांतर रेषा असतात आणि प्रकाशाचा पट्टा फिरत नाही. तपासणी कंपन्या अशा नाण्याला अंक न देता केवळ शेरा मारून परत करतात. त्याउलट, गंधकाच्या संपर्काने चढलेला निळा-सोनेरी थर नैसर्गिक असेल तर तो किंमत वाढवतो.

अंकाचे पैशांत रूपांतर होताना आणखी एक हिशेब आड येतो. १९१८ च्या पिटमन कायद्याने असे २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत भारतात रुपये पाडण्यासाठी आली, त्यामुळे किती नाणी पाडली यावरून किती उरली हे कळत नाही. १८८४ साली कार्सन सिटीच्या टांकसाळीने साडेअकरा लाखांच्या आसपासच डॉलर पाडले, पण त्यांतले निम्म्याहून कितीतरी अधिक सरकारी तिजोरीत थैलीबंद पडून राहिले आणि १९७० च्या दशकातल्या सरकारी विक्रीतून न वापरलेले असे बाहेर आले. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोने बत्तीस लाख पाडले, ते बहुतांशी चलनात गेले. झिजलेले नाणे सहज मिळते, न झिजलेले जवळजवळ मिळतच नाही. त्यामुळे कानावरच्या केसांवरचा तोच करडा डाग कार्सन सिटीच्या नाण्यावर फार तर थोड्याशा घासाघिशीचा विषय होतो, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यावर त्याच्यापायी किंमत हजारो डॉलरांनी खाली येते. साहजिकच ‘एस’ अक्षराचे १८८४ चे नाणे हाती आले, की पारख्याने दिवा बदलून ते पुन्हा एकदा फिरवून पाहिलेले बरे.