भिगवणहून सराटीच्या पुलापर्यंत

पुण्याहून सोलापुरास जाणारा हमरस्ता भिगवणास पोहोचला म्हणजे डाव्या अंगास उजनीच्या जलाशयाचा फुगवटा चकाकू लागतो आणि उजव्या अंगास बारामतीचा फाटा फुटतो. हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात व ते पाहण्यासाठी शहरातील हौशी मंडळी गळ्यात दुर्बिणी अडकवून पहाटेपासून कुंभारगावच्या काठावर येऊन बसतात. गेल्या माघात आम्हीही तेथे गेलो. परंतु पक्ष्यांपेक्षा लक्षात राहिला तो भिगवणचा मासळीबाजार. आमच्यासारख्या शाकाहारी माणसाने त्याचे वर्णन करावे हे जरा विपरीतच. नाकास रुमाल लावून जेवढे पाहता आले तेवढेच सांगतो.

जलाशयात धरलेली मासळी पाट्यांतून येते, तिचे ढीग लागतात आणि पुकारणारा एकेका ढिगापाशी उभा राहून भाव चढवीत नेतो. घेणारे व्यापारी तोंडाने फारसे बोलत नाहीत. कोणी बोट उचलतो, कोणी मान हलवितो. पाहता पाहता ढीग एकाचा दुसऱ्याचा झालेला असतो. माझी पुतणी हे सारे एकाग्रतेने पाहत उभी होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "काका, आमचाही असाच होतो, नाही का हो?"

या प्रश्नाचा खुलासा करावयास हवा. ही मुलगी क्रिकेट खेळते. डाव्या हाताने फिरकी टाकते. वय वर्षे एकवीस. बारामतीस तिचा एक मैत्रीचा सामना होता व तिला तेथे नेण्याचे काम माझ्याकडे आले होते. त्याखेरीज आणखी एक कामगिरी बंधूंनी माझ्यावर गुपचूप सोपविली होती. ईशान्येकडील एका राज्याच्या संघाने तिला पाहुणी खेळाडू म्हणून बोलाविले होते. आपल्याकडे तिच्याच तऱ्हेची गोलंदाजी करणाऱ्या मुली आधीच पुष्कळ, सबब येथे जागा मिळण्यास किती वर्षे लागतील याचा नेम नाही. तिकडे गेली तर मोठ्या सामन्यांतून खेळावयास मिळेल आणि मग कदाचित लिलावाच्या यादीत नाव लागेल. चार दिवसांत उत्तर धाडावयाचे होते. वाटेत तिची समजूत घालून हा विचार तिच्या डोक्यातून काढावा, अशी बंधूंची इच्छा होती.

लिलाव हा शब्द आमच्या घरात प्रथम शिरला तो 13 फेब्रुवारी 2023 रोजी. त्या दिवशी मुंबईत महिलांच्या प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. पाच संघ, प्रत्येकाच्या थैलीत बारा कोटी रुपये आणि हातोडा मल्लिका सागर या बाईंच्या हाती. पहिलेच नाव पुकारले गेले ते सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचे, व बंगळूरच्या संघाने ती तीन कोटी चाळीस लाखांस घेतली. ती व तिच्या सहकारी त्या वेळी विश्वचषकासाठी दक्षिण आफ्रिकेत होत्या आणि तेथेच दूरचित्रवाणीसमोर बसून एकमेकींच्या नावास टाळ्या वाजवीत होत्या. आमच्या मातोश्रींना मात्र ते पाहवले नाही. "पोरींचा लिलाव करतात आणि त्या हसतात!" असे म्हणून त्या देवघरात निघून गेल्या. यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "आमच्या वेळी पाहण्याच्या कार्यक्रमात बोली चढे ती मुलाची, आणि पैसे मोजीत मुलीचे वडील. येथे निदान मुलीला पैसे मिळतात." मातोश्रींनी ते ऐकले की नाही कोण जाणे, घंटा मात्र जरा जोराने वाजली.

बारामतीच्या वाटेवर पुतणीने मला ऑस्ट्रेलियाची हकीकत सांगितली. तेथील फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे; लांबोळका चेंडू, लंबवर्तुळाकार मैदान, चेंडू हाताने धरण्याचीही मुभा. स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा 2017 मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली, 2022 पासून अठरा संघ झाले. तेथे नव्या मुलींची बोली लागत नाही. गतवर्षी जो संघ तळाशी राहिला त्याने साधारणपणे प्रथम निवड करावी, मग त्याच्या वरच्याने, असा क्रम असतो. यामुळे दुबळ्यास बळ मिळते. संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात आणि पुढील निवडीचा आपला क्रमांकसुद्धा मोबदल्यात देतात! किंमत पुकारली जात नाही म्हणून ही पद्धत अधिक शिष्ट दिसते. परंतु कोणत्या गावी जाऊन राहावयाचे हे मुलीच्या हाती राहत नाही. प्रारंभी मुलीने आपले राज्य सांगावे व तेथील संघांनीच तिला निवडावे अशी सोय होती. पुढे सर्व देशाची एकच यादी करण्यात आली. त्या मुलींपैकी अनेकजणी नोकरी अथवा शिक्षण सांभाळून खेळणाऱ्या, त्यांच्या घरी काय बोलणी झाली असतील याची मी कल्पना करू लागलो.

बारामती आता ओळखू न येण्याइतकी बदलली आहे. रुंद रस्ते, शिक्षणसंस्था, कारखाने. कऱ्हेच्या काठचे जुने गाव त्यांत शोधावे लागते. येथेच मोरोपंतांनी आपले आयुष्य घालविले. जन्म पन्हाळ्याचा, 1729 सालचा. परंतु बाबूजी नाईकांचा आश्रय लाभला तो बारामतीस, आणि 1794 मध्ये देह ठेवला तोही येथेच. आज त्यांस कोणी पन्हाळ्याचे कवी म्हणत नाही. हे मी पुतणीस सांगितले आणि लगेच जीभ चावली, कारण बंधूंनी दिलेल्या कामगिरीच्या हे अगदी उलट होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर क्रीडासंकुलाचे मैदान आम्ही मुद्दाम जाऊन पाहिले. फेब्रुवारी 2020 मध्ये महाराष्ट्र व उत्तराखंड यांचा रणजी सामना तेथे झाला होता. स्त्रियांच्या क्रिकेटशी या गावाचा संबंध आणखी एका बाजूने आहे. भारतीय महिला क्रिकेट संघटना 1973 मध्ये स्थापन झाली व तिची पहिली आंतरराज्य स्पर्धा त्याच वर्षी पुण्यास भरली. संघ अवघे तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. कऱ्हाडच्या प्रेमलाबाई चव्हाण यांनी त्या संघटनेचे अध्यक्षपद भूषविले. पुढे 2006 मध्ये ती संघटना पुरुषांच्या नियामक मंडळात विलीन झाली, तेव्हा त्या मंडळाचे अध्यक्ष बारामतीचेच श्री. शरद पवार होते. तीन संघांपासून लिलावापर्यंत यावयास बरोबर पन्नास वर्षे लागली.

सामना पुतणीच्या संघाने गमावला. तिला दोन बळी मिळाले. त्याविषयी ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी इंदापुराकडे निघालो. हा तुकोबांच्या पालखीचा मार्ग. नीरेच्या डाव्या कालव्याने हा मुलूख उसाचा केला. सणसर व भवानीनगरच्या बाजूस गाळपाच्या दिवसांत हवेलाच मळीचा वास येतो. वाटेत बेलवडी लागते. आषाढीच्या वारीत येथे गोल रिंगण होते. अश्व धावतो हे सर्वांस ठाऊक असते. पण त्याच्या आधी पताकावाले धावतात, आणि डोक्यावर तुळस व हंडे घेतलेल्या बायाही धावतात. नऊवारीचा काचा सावरीत, हजारो लोकांदेखत, कित्येक साठीच्या पुढच्या! मातोश्रींनी एके वर्षी हे रिंगण डोळ्यांनी पाहिले होते आणि त्या बायांच्या पायांची धूळ कपाळास लावली होती. मोकळ्या माळावर उभी राहून पुतणी मला म्हणाली, "आजीला हे चालते." मी म्हटले, "ते देवाचे." ती म्हणाली, "धावणे तेच ना?" मजपाशी उत्तर नव्हते.

इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. शिवछत्रपतींचे हे आजोबा येथेच लढाईत पडले. गढीपाशी थोडा वेळ घालविला. परंतु मुलीचे चित्त तेथे नव्हते. तिला सराटीस जावयाचे होते. सराटी म्हणजे पुणे जिल्ह्याचे शेवटचे टोक. येथे नीरा ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुका लागतो. पादुकांना नीरास्नान घालून पालखी पलीकडे अकलूजला जाते ती येथूनच.

पुलावर उभे राहिल्यावर तिच्या हट्टाचे कारण समजले. पलीकडच्या त्या तालुक्यात मिरे नावाचे गाव आहे आणि किरण नवगिरे ही खेळाडू तेथली, शेतकऱ्याची मुलगी. भाला आणि गोळा फेकता फेकता ती क्रिकेटकडे वळली आणि खेळू लागली नागालँडच्या संघातून. 2022 मध्ये अरुणाचलविरुद्ध तिने 76 चेंडूंत नाबाद 162 धावा काढल्या. वीस षटकांच्या सामन्यात दीडशेचा पल्ला तिच्यापूर्वी कोणा भारतीयाने, पुरुषानेही, गाठला नव्हता. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. पुढील वर्षीच्या लिलावात उत्तर प्रदेशच्या संघाने तिला तीस लाखांस घेतले. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नागपुरास पंजाबविरुद्ध 34 चेंडूंत तिने शतक ठोकले. स्त्रियांच्या वीस षटकांच्या क्रिकेटमध्ये तेव्हापर्यंतचे सर्वांत जलद शतक ते.

"आणि ते कोणाकडून, सांगा," पुतणी म्हणाली.

"कोणाकडून?"

"महाराष्ट्राकडून. ती परत आली, काका."

नदीस पाणी बेताचे होते. उसाच्या गाड्या पुलावरून जात होत्या व प्रत्येक गाडीबरोबर कठडा थरथरत होता. मला बंधूंची कामगिरी आठवली. घरून पाठ करून आणलेली वाक्येही आठवली. त्यांतले एकही तोंडातून निघाले नाही. तेवढ्यात तिचा भ्रमणध्वनी वाजला. मातोश्री होत्या. घरात चार दिवस जो विषय कुजबुजत चालला होता तो त्यांच्या कानी गेला होता हे उघड दिसले. सामन्याविषयी त्यांनी काही विचारले नाही.

"ते गाव डोंगरात आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "तिकडे तुला वरणभात कोण घालणार?"

"मी करीन, आजी."

"तुला येतो का?"

पुतणीने माझ्याकडे पाहिले. मग पाठ वळवून, पलीकडच्या काठाकडे तोंड करून, डाळीला पाणी किती घालावयाचे ते विचारू लागली.