रुळावरची फळी

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या बागेत रेल्वे आली. खेळण्यातलीच, बॅटरीवर धावणारी, एक इंजिन आणि तीन डबे. त्याआधी मुलांना मोतीबागेतले नॅरोगेज रेल्वे म्युझियम दाखवून आणले होते. २००२ साली सुरू झालेल्या या म्युझियममध्ये अडीच फुटी रुळांवरची जुनी इंजिने आणि डबे आहेत, मुलांसाठी छोटी गाडीही आहे. परत येताच मुलांनी धोशा लावला, "टीचर, आपणही बनवू या!"

मीही हौसेने कामाला लागले. माझे अब्बा रेल्वेत कीमन होते. नागपूर-नागभीडच्या नॅरोगेज लाइनवर खांद्यावर हातोडा घेऊन रूळ तपासत ते रोज मैलोन्‌मैल चालायचे. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ मध्ये ती लाइन बंद झाली, त्याच्या बरेच आधी ते निवृत्त झाले होते. रेल्वे म्हणजे आमच्या घरचाच विषय.

मुलांनी गुलाबाच्या वाफ्यांभोवती खडी पसरली, त्यावर लाकडी पट्ट्या आणि रूळ बसवले. गाडी धावली, टाळ्या पडल्या. वर्गांकडून पाण्याच्या नळाकडे जाणारी पायवाट रुळांनी दोन ठिकाणी कापली होती. पण रूळ जमिनीपासून जेमतेम दोन इंच उंच. मुले उडी मारून जात.

तीन आठवड्यांनी सहावीच्या वर्गात एका मुलीची पाण्याची बाटली रिकामी दिसली. ती कुबड्यांवर चालते. "पाणी भरून आण ना बेटा," मी म्हटले. "तहान नाही टीचर." तिची मैत्रीण मात्र बोलून गेली, "ती रुळावरून जाऊ शकत नाही. मागून वळसा घालून जाईपर्यंत सुट्टी संपते."

मी रोज त्या वर्गात शिकवत होते. रस्त्यातला काटा, दगड बाजूला करणे हाही सदका आहे, असे मुलांना कितीदा सांगितले असेल! आणि इथे मीच रस्त्यात अडथळा घातला होता, वर टाळ्याही वाजवून घेतल्या होत्या.

"रूळ आजच काढून टाकू," मी म्हणाले. ती घाबरली. "नका काढू टीचर. सगळे म्हणतील, हिच्यामुळे रेल्वे गेली."

म्हणजे रेल्वेही राहायला हवी आणि वाटही.

आधी आम्ही रुळांवर आडवी फळी टाकली. वाट झाली, गाडी अडली. मग रुळांच्या मधली जागा सिमेंटने काठोकाठ भरली. गाडी आली, चाके वर चढली आणि डबे गुलाबात पडले. शेवटी अब्बांना बोलावले. गुडघे दुखत असूनही ते खाली बसले.

"चाकाला आतल्या अंगाने कड असते, ती रुळाच्या खाली उतरून चालते. तिला जागा नको का? बाहेरून रुळाला चिकटून भरा, आतून फट सोडा." मोठ्या रेल्वेफाटकावर ही फट पाच-साडेपाच सेंटिमीटर असते. आमच्या गाडीला पेन्सिलीएवढी पुरली.

सिमेंट फोडून काढले. दोन्ही ठिकाणी मधे रुळाच्या उंचीची फळी बसवली, बाहेर दोन्हीकडे उतार केले. उतार उंचीच्या बारापट लांब असावा, चाकाच्या खुर्चीसाठीही हेच प्रमाण धरतात. म्हणून दोन इंचांना दोन फूट. कुबड्या टेकायला दोन्ही बाजूंना जागा लागते, म्हणून रुंदी तीन फूट ठेवली. ओल्या फळीवर रबर घसरू नये म्हणून ओल्या रंगावर वाळू भुरभुरली. मधली फळी अब्बांनी खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवायला लावली. "फटीत माती बसणार. खडा अडकला की गाडी पडते. उघडून साफ करता आली पाहिजे."

गाडी सुरू करायला मुले उतावीळ झाली होती. अब्बांनी हात वर केला. "आधी ही जाणार."

ती हळूहळू चढली, मधे थांबली. "दादाजी, इथे थोडी हलते." अब्बांनी फळी उघडली, खाली पाचर मारली. ती पुन्हा चढली, पलीकडे उतरली आणि थेट नळावर जाऊन बाटली भरून आली. मग गाडी सुटली.

आता रोज सकाळी दोन मुले जुन्या टूथब्रशने फट साफ करतात. त्या पाळीत तिनेही आपले नाव लिहून घेतले आहे.

त्या दिवशी घरी आले तर आमचाच उंबरठा डोळ्यांत खुपला. सासूबाई तो ओलांडताना रोज दाराची चौकट धरतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत होते. बहिणींनो, आपल्या घराचा उंबरठा, जिन्याची पहिली पायरी, वुजूखान्याचा ओटा एकदा पाहा. आणि तिथून जाताना ज्यांना त्रास होतो, त्यांनाच आधी विचारा. ते बहुधा "काही त्रास नाही" असेच म्हणतील. तेवढ्यावर थांबू नका, बाटली भरलेली आहे का तेही पाहा.