रुमालाखालचा हात

आपल्या आवडत्या भूमिका कोणत्या, असा प्रश्न रंगभूमीवर उभ्या राहिलेल्या माणसास उतारवयात हटकून विचारला जातो, आणि विचारणाऱ्याची अपेक्षा अशी असते की उत्तरादाखल दोन-चार भारदस्त नावे, एखादे स्वगत आणि टाळ्यांचा हिशेब आपल्या पदरात पडावा. मी स्वतःला नट म्हणवून घ्यावे इतका मोठा कधीच नव्हतो. आसपासच्या सजांवर तलाठ्याची नोकरी, दिवसा खातेउतारे आणि पीकपाहणी, रात्री तालीम. गावच्या यात्रेतली नाटके आणि पुढे राज्य नाट्य स्पर्धेच्या नगर केंद्रावरचे काही प्रयोग, एवढीच माझ्या नाट्यसेवेची जमाबंदी. तथापि दप्तर लिहिण्याची खोड हाडीमाशी मुरल्यामुळे, आवडींच्या खात्यातही ज्याचा कब्जा खरोखर आहे त्याचेच नाव लावावे असे मला वाटते. आणि तसे लावू गेल्यास पहिले नाव कोणत्याही नाटकाचे वा नटाचे न येता घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजाराचे येते.

हे घोडेगाव नेवासे तालुक्यातले, नगरहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे. आंबेगाव तालुक्यात याच नावाचे दुसरे गाव असल्याने आमची पत्रे पूर्वी कधीकधी पुणे जिल्ह्याची सैर करून येत, हे जाता जाता सांगून ठेवतो. शनिशिंगणापूर इथून जवळ, आणि ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे मानतात तो पैस खांबही आमच्याच तालुक्यात. पण शेतकऱ्याच्या तोंडी घोडेगाव येते ते बाजारामुळे. लहानपणी आज्याचे बोट धरून मी त्या दावणींमधून हिंडत असे, तेव्हा मला सर्वांत मोठे आश्चर्य जनावरांचे नव्हे तर सौद्याचे वाटे. हेडी आणि शेतकरी समोरासमोर उभे राहत, दोघांच्या हातांवर रुमाल पडे, आणि मग जो काही व्यवहार व्हावयाचा तो त्या रुमालाखाली, बोटांनी, एक अक्षरही न उच्चारता होई. हेडी आभाळाकडे पाहून पावसाची गोष्ट काढी, शेतकरी आपल्याला विकावयाचेच नाही अशा मुद्रेने बैलाच्या वशिंडावरून दुसरा हात फिरवी, भोवतीच्या बघ्यांना काही म्हणता काही कळत नसे, आणि रुमालाखालची बोटे मात्र एका कुटुंबाच्या वर्षाचा निकाल लावीत असत. पुढे मी नाट्यविषयक ग्रंथ वाचले, शिबिरांतून मोठमोठ्यांची व्याख्याने ऐकली. पण अभिनय म्हणजे काय याचा याहून स्वच्छ दाखला मला कोठे मिळाला नाही.

म्हणून थोरांच्या आठवणींतही माझे मन जाते ते झाकलेल्या हाताकडे. बालगंधर्वांना ऐन उमेदीत पाहण्याचे भाग्य माझ्या पिढीच्या वाट्याला नव्हते. त्यांच्या स्वरांविषयी आणि शालूंविषयी वडीलधाऱ्यांनी पुष्कळ सांगितले, परंतु माझ्या मनात घर केले ते 12 मार्च 1911 या दिवसाने. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग त्या दिवशी मुंबईत होता, त्याच दिवशी त्यांचे अपत्य गेले, आणि त्यांनी भामिनी उभी केली. विठाबाई नारायणगावकरांविषयी सांगतात की फडात खेळ रंगात असताना त्या पडद्यामागे प्रसूत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि प्रेक्षक खोळंबले आहेत म्हणून पुन्हा बोर्डावर आल्या. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. गौरवाची वार्ता ऐकून मला आनंद झाला खरा, पण त्या दगडापुढे पदकाचे तेज मला नेहमीच फिके वाटत आले. अशा कथांचे आपण कौतुक करतो आणि त्यात कलावंताची केवढी ससेहोलपट आहे ते सोयीस्करपणे विसरतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

श्रीराम लागूंचा ‘नटसम्राट’ मी पुण्यास पाहिला. 23 डिसेंबर 1970 रोजी मुंबईच्या बिर्ला मातोश्री सभागृहात तो प्रथम झाला, तेव्हापासून त्यातील स्वगते घरोघरी झाली आणि गावोगावच्या आम्हा हौशी मंडळींनी ती ओरडून ओरडून पार झिजवून टाकली. मला मात्र आठवते ते मुलीच्या घरी चोरीचा आळ आल्यावरचे, बोलण्याआधीचे त्यांचे मौन. या शल्यविशारदाने आपल्या आत्मचरित्रास ‘लमाण’ हे नाव दिले, याचा मला कोण आनंद झाला! पाठीवरच्या गोणीत माल दुसऱ्याचा, पोचवावयाचा तिसऱ्यास. आपली मिळकत काय ती वाटचाल. बाजारच्या गावात वाढलेल्या माणसास या नावाचा अर्थ समजून घेण्यास टीकाकाराची गरज पडत नाही.

परंतु माझ्या खात्यावरचे सर्वांत पक्के नाव या कोणाचेच नाही. साठ वर्षांपूर्वी आम्ही देवीच्या यात्रेत ‘एकच प्याला’ लावला होता. गडकऱ्यांना हे नाटक रंगभूमीवर पाहावयास मिळाले नाही. 23 जानेवारी 1919 रोजी ते गेले, आणि त्यानंतर महिनाभरात गंधर्व मंडळीने बडोद्यास त्याचा प्रयोग केला. आमच्याकडे ऑर्गन नव्हता, म्हणून पदे बहुतेक गाळली होती. स्त्री काम करावयास येणार नव्हती, म्हणून सिंधू गावच्या शिंपीमास्तरांकडे गेली होती. तिचे मूल म्हणजे जुन्या धोतराची गुंडाळी, आणि सुधाकराचे, म्हणजे माझे, मद्य म्हणजे बाटलीत भरलेला कोरा चहा. वार शुक्रवार होता. बाजार उठला तरी न विकलेली आणि विकून न हललेली जनावरे कनातीच्या मागेच बांधलेली होती.

सिंधू जात्यावर दळीत बसली होती, शेजारी मूल निजवले होते, मी विंगेत झोकांड्यांची तयारी करीत उभा होतो. इतक्यात कनातीमागे एक म्हैस रेकली. तिचे रेडकू दुपारीच कोणी वेगळे नेले असावे, कारण ते रेकणे भुकेचे नव्हते, हे समोर बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्यास कळले. पोरेसोरे हसणार, नाटक बसणार, अशी माझी खात्री झाली. मास्तरांनी जात्याचा खुंटा थांबवला. आवाजाच्या दिशेने मान किंचित वळवली, तीन-चार श्वास नुसते ऐकले, आणि मग पदराचे टोक सोडून हलक्या हाताने त्या गुंडाळीवर पसरले व पुन्हा दळू लागले. मुद्रेवर काहीही नव्हते. गॅसबत्तीची फुरफुर ऐकू यावी अशी शांतता झाली, बायकांच्या बाजूने कोणी तरी नाक ओढले, आणि मी माझे वाक्य इतका साफ विसरलो की प्रॉम्प्टरने ते दोनदा सांगूनही मला तिसऱ्यांदा ऐकावे लागले.

खेळ संपल्यावर खोबरेल तेलाने रंग पुशीत बसलेल्या मास्तरांना मी विचारले, ही जागा तालमीत तर नव्हती, मग सुचली कशी? आयुष्यभर इतरांच्या मापांचे कपडे बेतणारा तो माणूस माझ्याकडे काहीशा नवलाने पाहत राहिला.

“सुचायचंय काय त्यात, भाऊसाहेब?” ते म्हणाले. “मला वाटलं, पोर उठंल.”