चिकूच्या रानातली देवळे

नकाशावर मेक्सिकोच्या दक्षिणेला, कॅरिबियन समुद्राला खेटून, बेलिझ नावाचा एक चिमुकला देश आहे. १९७३ पर्यंत त्याचे नाव ब्रिटिश होंडुरास असे होते; १९८१ साली तो स्वतंत्र झाला. लोकसंख्या जेमतेम चार लाख. आमच्या वसई-विरारच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. भोवती सारे स्पॅनिश बोलणारे देश आणि मध्येच इंग्रजीतून कारभार करणारा हा एक. आफ्रिकी वंशाचे, स्पॅनिश वळणाचे, माया आदिवासी, चिनी, आणि एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर राबायला नेलेल्या हिंदी मजुरांचे वंशज, अशी सरमिसळ तेथे सुखाने नांदते. पंथांमध्ये कॅथलिकांची संख्या सर्वांत मोठी. बेलिझ सिटीतले सेंट जॉन्स कॉलेज येशूसंघीयांनी १८८७ मध्ये सुरू केले आणि ते आजही चालू आहे.

या देशात २०१९ च्या फेब्रुवारीत मी मुलगा, सून आणि तेरा वर्षांचा नातू यांच्यासमवेत आठ दिवस काढले. मुलगा ह्यूस्टनला असतो. तेथून विमानाने अडीच तासांचा प्रवास. सहलीचे नाव 'साहस-सहल' असे होते. साठी ओलांडलेल्या, शिक्षकी पेशातून निवृत्त झालेल्या बाईला साहस म्हणजे पावसाळ्यात सकाळच्या मिस्साला वेळेवर पोहोचणे, एवढेच ठाऊक. पण नातवाने हट्ट धरला आणि आजीचे काही चालले नाही. हाती आलेल्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिले होते : घनदाट अरण्य, भूमिगत नद्या, आणि 'गूढरीत्या नाहीशी झालेली माया संस्कृती'. हे शेवटचे शब्द मी तेव्हा सहज वाचून गेले. पुढे त्यांनीच सारा प्रवास व्यापला.

पहिल्या दोन दिवसांचे साहस थोडक्यात आटोपते. झाडांच्या शेंड्यांमधून बांधलेल्या तारेवर कमरेला पट्टा अडकवून सुसाट घसरत जाणे हा एक प्रकार, आणि रबरी नळीच्या चाकात बसून डोंगराखालच्या नदीतून अंधारात वाहत जाणे हा दुसरा. पहिल्यात मी डोळे मिटून दूतसंदेश म्हटला. दुसरा मला मनापासून आवडला. लहानपणी आमच्या वाडीतल्या बावखलात केळीच्या खुंटांना धरून पोहायला शिकले होते. पाण्याची भीती तेव्हाच गेली.

खरी ओळख झाली ती रानाची. सान इग्नासिओ या गावाजवळ आमचा मुक्काम होता. पहाटे साडेचारला रानातून अशी डरकाळी उठे की अंगावर काटा यावा. ही डरकाळी वाघाची नसून काळ्या माकडांची. तसा लहानच प्राणी, पण त्याच्या गळ्यातल्या पोकळ हाडामुळे आवाज कोसभर जातो. रानात शिरल्यावर मात्र परकेपणा भराभर ओसरू लागला. आमचा वाटाड्या एका अजस्र, फळीसारख्या मुळांच्या झाडापाशी थांबला. पाहते तो पांढरी सावर! माया लोक या झाडाला विश्वाचा खांब मानत : मुळे पाताळात, खोड भूमीवर, फांद्या स्वर्गात. थोडे पुढे गेलो आणि तो म्हणाला, "हे सापोदिया." खाली पडलेले फळ त्याने फोडून माझ्या हातावर ठेवले. तपकिरी गर, काळ्याभोर चकचकीत बिया. चिकू!

डहाणू-घोलवडच्या वाड्यांतून टोपल्या भरून येणारा चिकू मूळचा या रानातला आहे, हे पुस्तकात वाचले असते तर विसरले असते. पण तेथे त्याची कलमे ओळीने उभी नव्हती. आभाळाला टेकलेले रानवट वृक्ष होते, आणि त्यांच्या खोडांवर नागमोडी जुने वण होते. या झाडाच्या चिकाला 'चिकले' म्हणतात. आपला 'चिकू' हा शब्दही त्याच कुळातला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साऱ्या जगाचे च्युइंगम या चिकापासून बनत असे, आणि तो काढण्यासाठी रानोमाळ भटकणाऱ्या मजुरांनाच पुष्कळशी माया नगरे प्रथम दिसली. आणखी एक नवल. या झाडाचे लाकूड लोखंडासारखे टणक असते. तिकाल येथील बाराशे वर्षांपूर्वीच्या मंदिरांच्या दारांवर कोरीव तुळया आहेत त्या याच लाकडाच्या. त्यांतल्या काही एकोणिसाव्या शतकात काढून नेल्या आणि त्या आज स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथील संग्रहालयात आहेत. ज्याला आम्ही निबिड अरण्य म्हणून पाहायला गेलो, ती एका जुन्या शेतकरी समाजाची मागे राहिलेली वाडीच म्हणायची.

तिसऱ्या दिवशी शुनानतुनिच. मोपान नदी ओलांडायला एक तराफा होता. माणूस हाताने चाक फिरवी आणि पोलादी दोरीच्या आधाराने मोटारीसकट आम्ही पैलतीरी. तेथले मुख्य मंदिर सुमारे ४० मीटर उंच. माथ्यावर उभे राहिले की पलीकडे ग्वातेमालाची गावे दिसतात. मध्यावर चुन्यात घडवलेली भव्य शिल्पपट्टी आहे; मूळ शिल्प ऊनपावसापासून जपण्यासाठी आत झाकून तिच्यावर हुबेहूब प्रतिकृती बसवली आहे. आमच्याच गटातल्या एका सद्गृहस्थांनी वाटाड्याला विचारले, "मग हे माया लोक अखेर गेले कुठे?"

वाटाड्या तिशीतला, बुटका, शांत गृहस्थ होता. त्याने खाली नदीकाठच्या कौलारू आणि पत्र्याच्या घरांकडे बोट दाखवले. "ते निळे घर दिसते ना? माझी आई तेथे राहते. आता मक्याच्या भाकऱ्या थापत असेल."

सारे हसले. मीही हसले, पण मनात आले ते आमच्या वसईच्या किल्ल्याचे. तेथे मठांच्या भिंती उभ्या आहेत, चर्चच्या कमानींतून पिंपळाची मुळे उतरली आहेत, फरशीवर जुन्या थडग्यांचे शिलालेख आहेत. १७३९ मध्ये पोर्तुगीज गेले आणि ते नगर ओस पडले. कुणी परदेशी पाहुणा तेथे उभा राहून 'येथले ख्रिस्ती लोक गूढरीत्या नाहीसे झाले' असे लिहू लागला, तर आपण त्याचा हात धरून पापडीच्या बाजारात नेऊ. राजे जातात, नगरे ओस पडतात. भाजीच्या टोपल्या घेऊन बसणारी माणसे तेथेच असतात. मायांचे तेच झाले. नवव्या शतकात दक्षिणेकडची त्यांची मोठी नगरे एकामागून एक रिकामी झाली. त्याला दीर्घ अवर्षण, आपापसातली युद्धे आणि थकलेली जमीन अशी अनेक कारणे सांगतात. पण लोक उरले. आज मेक्सिको, ग्वातेमाला, बेलिझ मिळून लक्षावधी माणसे माया भाषा बोलतात. बेलिझच्या दक्षिणेकडील माया गावांचा आपल्या सामाईक जमिनीवरचा हक्क तर २०१५ मध्ये कॅरिबियन न्यायालयापुढे मान्य झाला. नाहीशा झालेल्या लोकांना कोण कशाला जमीन देईल?

चौथा दिवस गुहेचा. आक्तुन तुनिचिल मुकनाल, म्हणजे पाषाण-समाधीची गुहा. रानातून पाऊण तास चालायचे, एकच ओढा तीनदा ओलांडायचा, आणि मग गुहेच्या निळ्या-हिरव्या तोंडात पोहूनच शिरायचे. पाणी बर्फासारखे. डोक्यावर दिव्याचे शिरस्त्राण. शिरण्यापूर्वी आमच्या वाटाड्याने पाण्यात उभे राहून क्रुसाची खूण केली आणि मग ओठांतल्या ओठांत त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. मी विचारले तेव्हा एवढेच म्हणाला, "परवानगी मागितली. घर दुसऱ्याचे आहे."

कमरेएवढ्या, कधी छातीएवढ्या पाण्यातून, धारदार खडकांच्या फटींतून मान वाकडी करीत आम्ही बराच वेळ चाललो. नंतर एका उंच कड्यावर चढून कोरड्या दालनात आलो. तेथे पायातले बूट काढायला सांगितले. केवळ मोजे घालून चालायचे. छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई. २०१२ मध्ये एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा निसटून प्राचीन कवटीवर पडला, तेव्हापासून कॅमेरे बंद. त्या दालनात जमिनीवर शेकडो मडकी आहेत. कित्येकांना मुद्दाम भोक पाडलेले. छतातून ठिबकणाऱ्या चुन्याच्या पाण्याने ती खडकाला कायमची चिकटली आहेत. आणि त्यांच्या मध्ये माणसे आहेत. एकूण चौदा जणांचे अवशेष सापडले. त्यांत तान्ही मुलेही. शेवटी शिडी चढून गेल्यावर एक सबंध सांगाडा उताणा पडलेला दिसतो. बाराशे वर्षांच्या ठिबकण्याने त्याची हाडे स्फटिकासारखी लकाकतात. त्याला स्फटिक-कुमारी म्हणत आले, परंतु तो सुमारे सतरा वर्षांचा मुलगा असावा असे आता अभ्यासक मानतात.

गुहा म्हणजे पाताळाचे दार आणि पर्जन्यदेव चाकचे निवासस्थान, अशी मायांची श्रद्धा. पाऊस आटत गेला तसतसे ते अधिकाधिक खोल अंधारात जाऊन अधिक मोलाची अर्पणे करू लागले असावेत. प्रथम मडकी, मका, अखेर माणसे. दिव्यांच्या त्या लहानशा वर्तुळात कुणी बोलत नव्हते. नातवाने माझा ओला हात घट्ट धरला होता. त्या वर्षी त्याच्या दृढीकरण संस्काराची तयारी चालली होती.

रात्री ओसरीवर बसलो असता तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "आजी, देवाला मुलं कशाला पाहिजे होती?"

मी म्हटले, "देवाला नको होती, बाळा. माणसांना वाटले, त्याला हवी आहेत." आणि शिक्षिकेच्या सवयीने आब्राहाम आणि इसहाकची गोष्ट सांगू लागले.

त्याने मध्येच थांबवले. "पण तिथं देवदूतानं हात धरला. इथं का नाही धरला?"

चाळीस वर्षे मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले. या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि तसे मी त्याला सांगितले. मग त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. ती सांगावी की नाही, याचा मी क्षणभर विचार केला. पण जो मुलगा दुसऱ्यांच्या देवाला जाब विचारतो, त्याला आपल्या घरातलेही ठाऊक असावे.

१५६२ च्या जुलैमध्ये, तेथून उत्तरेला युकातान प्रांतातल्या मानी या गावी, दिएगो दे लांदा नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी मायांच्या हजारो मूर्ती फोडल्या आणि त्यांची चित्रलिपीतली पुस्तके जाळली. सत्तावीस पुस्तके, असा आकडा सांगतात. मूर्तिपूजेचा कबुलीजबाब मिळवण्यासाठी त्याआधी लोकांचा जो छळ झाला, त्यात दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्याच संघाचे धर्मगुरू त्याच शतकात आमच्या वसईतही आले होते. आमच्या कित्येक घराण्यांच्या श्रद्धेचा उगम त्यांच्यापाशी पोहोचतो. म्हणून हे परक्याचे पाप म्हणून मला सांगता येईना. मानीमध्ये हात धरणारा आला तो उशिरा : त्या वर्षी नवे बिशप फ्रान्सिस्को दे तोराल रुजू झाले, त्यांनी चौकशी थांबवली आणि लांदांना स्पेनला जाऊन जबाब द्यावा लागला. पुढे ते निर्दोष ठरले आणि तोरालनंतर स्वतःच बिशप होऊन परतले. मधल्या काळात त्यांनी माया लोकांच्या चालीरीतींवर एक ग्रंथ लिहिला व त्यात त्यांच्या अक्षरांची एक तोकडी यादी दिली. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव या रशियन अभ्यासकाला मायालिपी वाचण्याची किल्ली सापडली ती याच यादीत! जाळणाऱ्याच्याच हातून किल्ली उरली. मायांची जुनी पुस्तके आज जगात चारच आहेत.

अठराव्या शतकाच्या आरंभी ग्वातेमालात फ्रान्सिस्को शिमेनेस नावाचे डोमिनिकन धर्मगुरू होऊन गेले. त्यांच्या धर्मग्रामातल्या माया लोकांनी आपला सृष्टी-उत्पत्तीचा ग्रंथ लपवून जपला होता. तो त्यांनी फादरांना दाखवला. फादरांनी तो जाळला नाही. बसून अक्षरन् अक्षर उतरून घेतला, शेजारी स्पॅनिश भाषांतर लिहिले. मूळ प्रत हरवली. 'पोपोल वुह' आज आहे तो या एका प्रतीमुळे. मला सर्वांत आश्चर्य वाटते ते त्या लोकांचे. मानीचा धूर त्यांच्या कानावर आला नसेल असे नाही. तरीही त्यांनी दुसऱ्या एका झगेवाल्यावर विश्वास टाकला.

"तो चांगला होता," नातू म्हणाला. "आणि पहिला?"

"पहिल्यालाही आपण चांगलेच करतो आहोत असे वाटत होते," मी म्हटले. तो बराच वेळ गप्प राहिला. झोपायला जाताना त्याने आईला विचारले, की उद्या गुहेच्या ओल्या मोज्यांचे काय करायचे.

शेवटचे दोन दिवस सीमेपलीकडे ग्वातेमालात, तिकालमध्ये. मोटारीने दोन-अडीच तासांचा रस्ता. १९७९ पासून हे जागतिक वारसास्थान आहे, आणि तेही नगर व रान या दोन्हींसाठी. पहाटेच्या काळोखात लाकडी जिन्यांनी चौथ्या मंदिरावर चढलो. उंची सुमारे ६५ मीटर. मी तीनदा बसले. उजाडताना धुक्यातून मंदिरांचे माथे एकेक करून वर आले आणि खाली माकडांची डरकाळी सुरू झाली. विमानातून लेसरच्या किरणांनी या प्रदेशाचे केलेले मापन २०१८ मध्ये जाहीर झाले, तेव्हा झाडोऱ्याखाली साठ हजारांहून अधिक जुनी बांधकामे दिसली : घरे, रस्ते, बांध, शेताच्या पायऱ्या. आम्ही ज्याला हिरवा समुद्र म्हणत होतो त्याच्या तळाशी सलग वस्ती होती. या नगराजवळ नदी नाही. सारी भिस्त पावसाचे पाणी साठवणाऱ्या तलावांवर. चौकाच्या फरशीलाही तलावाकडे उतार दिलेला. पाऊस हुकला की काय होत असेल, हे आम्हा बावखलवाल्यांना समजावून सांगावे लागत नाही. तेथल्या कोरीव शिलांवर शेवटची तारीख आहे ती ८६९ सालची.

मोठ्या चौकात पर्यटकांची झुंबड होती. मधोमध गवतावर एक गोल दगडी वेदी आहे. तेथे एक माया कुटुंब बसले होते : म्हातारा, दोन बाया, कडेवर मूल. म्हाताऱ्याने कोपाल झाडाची राळ आणि रंगीत मेणबत्त्या मांडून अग्नी पेटवला. धुराचा वास मला इतका ओळखीचा वाटला की क्षणभर आमच्या चर्चमधली धूपदाणी डोळ्यांपुढे आली. तो म्हातारा आपल्या भाषेत लांबलचक काही म्हणत होता. मधूनच 'सान पेद्रो', 'सान्ता मारिया' अशी नावे ऐकू येत. काहीजण छायाचित्रे घेऊ लागले. आमच्या नातवाने डोक्यावरची टोपी काढली आणि तो चार पावले मागे जाऊन उभा राहिला. मी त्याला काही सुचवले नव्हते. त्यांच्यातल्या थोरल्या बाईने आमच्याकडे पाहिले आणि आपल्या शेजारचे गाठोडे उचलून मांडीवर घेतले. रिकाम्या झालेल्या दगडावर मी बसले. माझे गुडघे फार दुखत होते.