जास्वंद कुणाची?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अंगणात मी जास्वंदीची फांदी लावत होतो. एक वयस्कर उपासिका जवळ येऊन म्हणाल्या, "भाऊ, हे तर गणपतीचं फूल. विहारात कशाला?" मला लगेच उत्तर देता आले नाही. कारण पंचवीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न मी माझ्या आईला केला होता.

तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. चळवळीचे वारे नुकतेच अंगात भरले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या. त्यातली तिसरी गौरी-गणपतीला देव न मानण्याची. आईने दारात रंगाच्या रिकाम्या डब्यात लाल जास्वंद लावली होती. एके दिवशी सभेहून आलो आणि ती मुळासकट उपटून टाकली. आई कामावरून आली, डब्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाली, "अरे, तिच्या पाल्यानं मी तुझ्या बहिणींचे केस धुते. देवाला एक तरी फूल वाहिलं का मी कधी?"

शाम्पूला पैसे नव्हते. जास्वंदीची पाने वाटली की बुळबुळीत रस निघतो, त्याने केस स्वच्छ आणि मऊ होतात. टकलावर केस उगवतात असे कुणी सांगितले तर मात्र विश्वास ठेवू नका. आईचा हिशेब साधा होता. प्रतिज्ञा देव न मानण्याची होती, झाड उपटण्याची नव्हती. मलेशियात बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत, पण त्या देशाने १९६० साली जास्वंदच राष्ट्रीय फूल ठरवले. फूल कुणा एका धर्माचे नसते.

जास्वंद लावायला खर्च नाही. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्यावी. खालची पाने काढून दोन डोळे मातीत जातील अशी खोचावी. मुळे धरेपर्यंत सावलीत ठेवावी. डब्याला खाली भोके हवीत. पाणी साचले की मुळे कुजतात. मातीत थोडी वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. पुढे रोज पाच-सहा तास ऊन मिळाले पाहिजे. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून अधूनमधून छाटणी करावी. कापसासारखी पांढरी कीड दिसली तर हाताने काढून पातळ साबणाचे पाणी फवारावे.

आमच्या विहारात रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग असतो. पहिली फुले आली तेव्हा लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवून ते पाणी दोन पेल्यांत ओतले. एकात लिंबू पिळले, पाणी गडद गुलाबी झाले. दुसऱ्यात धुण्याचा सोडा टाकला, ते हिरवे झाले. आम्ल आणि अल्कली ओळखण्याची ही पद्धत शाळेच्या पुस्तकात आहे, पण कित्येक मुलांनी ती डोळ्यांनी प्रथमच पाहिली. त्या उपासिकाही नातवामागे उभ्या राहून पाहत होत्या. मग मी त्यांना आईची गोष्ट सांगितली.

जास्वंदीचे फूल सकाळी उमलते आणि बहुधा संध्याकाळी मिटते. वंदनेत फुले वाहताना आपण जी गाथा म्हणतो, तिचा अर्थ हाच: हे फूल कोमेजते, तसा हा देहही नाश पावणारा आहे. अनित्यतेचा हा धडा जास्वंद एका दिवसात शिकवते.

आई आता नाही. तिची माफी मागायची राहून गेली. बंधू-भगिनींनो, दारात जागा नसेल तर एखादा डबा तरी असेलच. या पावसाळ्यात एक फांदी जरूर लावा. आणि घरातल्या बाईने लावलेले झाड उपटण्याआधी, ते तिने कशासाठी लावले, हे तिला एकदा विचारा.

जयभीम!