हात पुढे करताना

वय झाले की माणसाला दोन सूचना वारंवार ऐकाव्या लागतात : 'जपून' आणि 'राहू द्या'. दोहोंतही मायाच असते. परंतु दुसरी सूचना ऐकता ऐकता एके दिवशी आपणच ती स्वतःला देऊ लागतो. सेवानिवृत्तीनंतर आम्हां पतिपत्नींचे तसेच झाले होते.

दोन वर्षांपूर्वी मुलाच्या कुटुंबासह आम्ही गोव्यात चोडण बेटावर गेलो होतो. तिथे तिवरांच्या दाटीतून कयाकने फिरवून आणतात. कयाक म्हणजे एकादोघांनी बसून वल्हवायची, पाण्याला जवळजवळ टेकलेली निमुळती होडी. सोबत वाटाड्या असतो. आम्हांलाही बसावेसे वाटले. मुलगा म्हणाला, "राहू द्या, बाबा." आम्ही काठावर बसून नातवंडांच्या चपला सांभाळल्या.

भांडुपला आमचे बिऱ्हाड येऊन चाळीस वर्षे झाली. द्रुतगती महामार्गापलीकडे ठाण्याची खाडी आहे, हे आम्हांला ठाऊक होते ते वाऱ्याबरोबर येणाऱ्या वासावरून! गेल्या फेब्रुवारीत शेजारच्या एका तरुण जोडप्याकडून कळले की, पंपिंग स्टेशनजवळच्या धक्क्यावरून रोहित पक्षी पाहण्यासाठी नाव सुटते. या खेपेस कोणालाही न विचारता आम्ही दोन जागा नोंदवल्या.

या फेरीची वेळ माणूस ठरवत नाही, भरती ठरवते. आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. आमच्या वाट्याला सकाळ आली. पहाटेचा दुसरा चहा आम्ही टाळला. नावेवर स्वच्छतागृह नसते, आणि आमच्या वयाचा प्रवासी पाणी किती खोल आहे हे विचारण्याआधी ही चौकशी करतो.

खरी परीक्षा धक्क्यावर होती. नाव वरखाली होत होती, पायऱ्यांवर शेवाळ होते, आणि आम्हां दोघांच्या मिळून चार गुडघ्यांपैकी दोन धातूचे. वाटाड्या तरुणाने हात पुढे केला. आमच्यापैकी एकाने तो अभिमानाने नाकारला आणि त्याच क्षणी त्याचा पाय सरकला. नावाड्याने दंड धरला म्हणून निभावले. तो रागावला नाही, हसलाही नाही. दोर कसा बांधावा हे सांगावे तसे त्याने सांगितले, "आधी दोन्ही हात द्या, पाय मग टाका."

प्रभूने पेत्राला त्याच्या म्हातारपणाविषयी जे सांगितले, त्यातही हात पुढे करण्याचा उल्लेख आहे. तो उतारा आम्ही अनेकदा ऐकला होता. अंगावर काटा मात्र त्या दिवशी आला. आम्ही दोन्ही हात दिले.

तिवरांच्या कडेने नाव निघाली. चिखलातून वर आलेली त्यांची श्वसनमुळे आणि त्यांच्यात उड्या मारणाऱ्या निवट्या दिसल्या. वाटाड्या सांगत होता : हे पक्षी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात इथे मोठ्या संख्येने येऊ लागले. 2015 साली खाडीचा हा भाग अभयारण्य झाला आणि 2022 साली रामसर यादीत गेला. आपल्याच शहराच्या सांडपाण्यावर इथले शेवाळ पोसले जाते, आणि त्यावर हे पाहुणे पोसले जातात, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

भरती ओसरू लागली तशी चिखलाची मैदाने उघडी पडली. नावाड्याने यंत्र बंद केले. समोर गुलाबी रेघ होती. ती हळूहळू पाय, माना आणि चोची होत गेली. हजारो पक्षी चोच उलटी धरून पाणी गाळीत होते. इतक्या पक्ष्यांची ती संथ कुजबुज ऐकताना आम्ही एकमेकांचा हात कधी धरला, ते कळलेच नाही.

"हा रंग जन्माचा नसतो," वाटाड्या म्हणाला. "पिल्ले करडी असतात. खाण्यातून, वर्षे जातात तसा रंग चढतो." पांढऱ्या केसांच्या आम्हां दोघांना हे ऐकून फार बरे वाटले.

पाणी पुरते उतरण्याआधी परतणे भाग होते. नाहीतर नाव चिखलात रुतते. धक्का आला तेव्हा वाटाड्या वळण्यापूर्वीच आम्ही दोन्ही हात पुढे केले होते. इतकी वर्षे आधाराला आम्ही हार समजत होतो, आणि म्हणून घरी बसत होतो. आधार न घेता घरी बसणे सोपे; आधार घेऊन पाण्यावर जाणे अवघड, पण त्यातच शहाणपण आहे.

संध्याकाळी मुलाला दूरध्वनी केला. बराच वेळ तो बोललाच नाही. मग त्याने विचारले, "कोणी पडले नाही ना?"

"पडता पडता राहिलो," आम्ही खरे तेच सांगितले. "आणि पुन्हा गोव्याला गेलो, तर चपला कोण सांभाळणार ते आधी ठरवून ठेव."