पवनचक्कीची मुकी भाषा

मैत्रिणींनो, ‘चक्की’ म्हटलं की आपल्याला पिठाची गिरणीच आठवते, नाही का? पण हॉलंडमधल्या किंडरडाइकच्या 19 पवनचक्क्या दळणासाठी नव्हेतच. 1740 च्या सुमारास बांधलेल्या या चक्क्या सखल जमिनीतलं पाणी उपसायच्या. त्या थांबल्या, तर शेतं पाण्याखाली! चक्कीवाल्याचा संसारही चक्कीच्या पोटातच.

त्यांची पाती बोलतातसुद्धा. घरात आनंद असला, तर पातं माथ्यावर पोचायच्या जरा आधी थांबवायचं. दुःख असलं, तर माथा ओलांडल्यावर. येणारं पातं सुखाचं, जाणारं दुःखाचं! जुलै 2014 मध्ये युक्रेनवर पाडलेल्या विमानात 196 डच माणसं गेली. राष्ट्रीय दुखवट्याच्या दिवशी कितीतरी चक्क्यांची पाती अशीच कलती उभी होती.

तिकडे गेलात, तर फोटो काढण्याआधी पातं कुठे थांबलंय, ते जरूर पाहा हं.